चालीतलं बोलणं

गीतकाराचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. हातापायाचं दुःख घरातल्या घरात राहिलं, बोलण्याचं मात्र साऱ्या मुलखाला झालं. माणसं फुलं घेऊन आली. ज्याने आम्हाला शब्द दिले त्याचेच शब्द हिरावले, असं एकमेकांना सांगून डोळे पुसून गेली. त्याची बायको दारात उभी राहून मान हलवत होती. तिला आतून काय वाटत होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. लग्न झाल्यापासून एवढी शांतता तिने त्या घरात पहिल्यांदाच ऐकली होती.

तिचं काम कपडे मापाचे करून देण्याचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, बाजूला खडू, टाचण्या, कात्री. लोक पँट आखूड करायला आणत, कोटाचं अस्तर बदलायला आणत, वजन वाढलं की कमर सोडवून घ्यायला लाजत लाजत येत. मागच्या खोलीत तो लिहायचा. मी आयुष्यभर जोडत आलो आणि ही उसवत, असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि आलेगेले हसायचे.

त्याने हात कधी उगारला नाही. त्याला गरज नव्हती. आवाजही चढवायचा नाही. मापात, वजनात, एकेक शब्द निवडून बोलायचा, आणि तो शब्द जिथे लागायचा तिथे रक्त यायचं नाही, एवढंच. ती चहा घेऊन आत गेली की म्हणायचा, "आलीस होय? मला वाटलं कपाट सरकलं." त्याचा लाडका शब्द 'मठ्ठ'. जेवणावर मीठ टाकावं तसा तो दिवसभर टाकत असायचा. नवं गाणं आधी बायकोला ऐकवता का, असं एकदा कुणी विचारलं, तर म्हणाला, भिंतीला गुदगुल्या कोण करतं?

म्हणून तिने त्याचं एकही गाणं बसून असं ऐकलं नव्हतं. शेजारच्या खिडकीतून, बेकरीतून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतून तुकडे कानावर पडायचे. ओळखीच्या चेहऱ्याचं पण परक्याचं मूल दिसावं, तशी ती त्यांच्याजवळून पुढे निघून जायची.

वाचा परत आणायला त्यांच्या मुलीने एक बाई शोधून काढली. तरुण, भरभर बोलणारी, खांद्याला चित्रांची पिशवी. मुलीने तिचं नाव शब्दबाई ठेवलं आणि तेच पडलं. शब्दबाईने त्याला चित्रं दाखवून पाहिली. तो नुसतं "त, त" करायचा. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर कोंबडीचे पाय उमटले. मग तिने त्याचा डावा हात हातात घेतला, त्यावर बोटांनी ताल धरला आणि त्याच्या सगळ्यात जुन्या गाण्याची चाल गुणगुणू लागली. इतके दिवस 'त'च्या पुढे न गेलेला तो माणूस स्वच्छ म्हणाला,

*वाट गेली नदीकडे, नदी गेली कुणीकडे...*

मुलगी रडायला लागली. बायकोच्या हातातली घडी तशीच राहिली.

शब्दबाईने समजावून सांगितलं. बोलणं एका खोलीत राहतं, गाणं दुसऱ्या. ह्यांच्या एका खोलीला कुलूप बसलंय, पण दुसरीची खिडकी उघडी आहे. म्हणून रोज एक गाणं, लिहिली त्या क्रमाने. दोन नाही, शब्दांची गर्दी होते. आधी ऐकवायचं, मग हातावर ताल धरून बरोबर म्हणायचं. पाठ बसलं की चाल हळूहळू काढून घ्यायची, मग तालही काढायचा. तेव्हा मागे उरतं ते साधं बोलणं, आणि त्याच्यामागून माणसाचे स्वतःचे शब्द येऊ लागतात. मानेवर मात्र भरवसा ठेवू नका काकू, हो म्हणायचं असेल तेव्हा त्यांची मान नाही म्हणते. आणि हे पहिलं वर्ष हातचं घालवू नका. ओल आहे तोवर कोंब फुटतो, मग माती घट्ट होते.

मुलीने सगळी गाणी एका छोट्याशा यंत्रात ओळीने भरून दिली. एक बटण दाबलं की आजचं गाणं, दुसरं दाबलं की पुढचं. ती परगावी, आपल्या घरी गेली. आईने सकाळी त्याला पुसून, दाढी करून, भरवून झालं की बटण दाबायला सुरुवात केली.

सुरुवातीची गाणी साधी होती, पोरवयाची. पण त्यातूनच त्याला रोजच्या गरजेपुरते शब्द मिळू लागले. तहान लागली की तो म्हणायचा, *पाणी ठेव गं दाराशी, तहान येते चालत*, आणि ती पेला घेऊन यायची. उकडलं की *उघड खिडकी, पाखरू आलं*. आणि ते नदीचं गाणं लघवीच्या भांड्यासाठी ठरून गेलं. ज्या ओळीवर सभागृहं डोलली ती ऐकून ती भांडं घेऊन पळायची, आणि पळता पळता तिला हसू यायचं. तो हसायचा नाही.

पुढे पुढे ती सकाळची वाट पाहू लागली. मशीन बंद करून, हातातलं काम मांडीवर ठेवून ऐकायची. गाणी आता मोठ्या माणसाची झाली होती. त्यात एक बाई वावरत होती. ही कोण, असा विचार करत तिने काही सकाळी काढल्या. मग एक गाणं आलं:

*बोटाच्या टोकी गोंदण सुईचं,*
*टाचेच्या भेगेत ऊन भुईचं...*

तिने आपली बोटं पाहिली. मग चप्पल काढून टाच पाहिली.

दुसऱ्या दिवशीच्या गाण्यात ती बाई तोंडात टाचण्या धरून गप्प होती, आणि गाणं म्हणत होतं की त्या टाचण्यांमागे अडलेलं बोलणं मला ऐकू येतं. तिसऱ्या दिवशीच्या गाण्यात एक मूल जन्मण्याआधीच गेलं होतं आणि बाईने त्याच्यासाठी शिवलेलं झबलं उसवून त्याचं कापड परत घडीत ठेवलं होतं. ते झबलं तिने कुणाला दाखवलं नव्हतं.

म्हणजे त्याला दिसत होतं. सगळं दिसत होतं. तिला वाटत आलं होतं की हा माणूस आंधळा आहे, आणि आंधळ्यावर कोण किती दिवस रागावणार? पण त्याने एकेक गोष्ट डोळे भरून पाहिली होती, उचलून नेली होती, त्या मागच्या खोलीत बसून तिच्यावरून मायेने हात फिरवला होता आणि परक्यांना देऊन टाकली होती. तिच्या वाट्याला खोलीबाहेर येऊन एक शब्द टाकला होता, मठ्ठ.

"हे माझं आहे ना?" तिने विचारलं. तो खिडकीकडे बघत राहिला. त्याची मान हलली, पण मानेवर भरवसा नव्हता.

त्यानंतर ते गाणं आलं.

*ये, बैस जवळ अशी, दिवस किती गं लांबला,*
*दमला गं जीव माझा, तुझ्या दाराशी थांबला.*

तिने त्याच्या डाव्या हातावर ताल धरला. तो तिच्याकडे बघत म्हणाला, ये, बैस जवळ अशी. आवाज थोडा फाटलेला, पण आतून भिजलेला. ती उठली आणि पलंगाच्या कडेवर बसली. एवढ्या वर्षांत त्या कडेवर ती फक्त चादर बदलायला बसली होती.

मुलगी आली त्याच दिवशी शब्दबाईही आली. हे गाणं छान बसलंय, आता चाल काढू या, ती म्हणाली. तिने आणि मुलीने त्याच्याकडून ते म्हणून घेतलं. आधी सपाट स्वरात, मग नुसत्या तालात. मग शब्दबाईने त्याच्या हातावरचं बोट उचललं. त्याच्या गळ्याची शीर फुगली, ओठ चाचपडले. त्याने समोर उभ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "मठ्ठ."

शब्दबाईने टाळी वाजवली. कुठल्याच गाण्यात नाही हा शब्द, काकू, त्यांचा स्वतःचा आहे, ती म्हणाली. मुलीने आईच्या गळ्यात हात टाकले. बाबा तुला ओळखतात गं, पहिला शब्द तुझ्यासाठी आला, असं म्हणत ती आईला घुसळत होती. तोही आधी चकित झाला होता. मग तोंडाचा डावा कोपरा वर गेला आणि त्याने तो शब्द पुन्हा म्हटला, गोळी चघळावी तसा. आई मुलीच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत होती. तिने मुलीची पाठ थोपटली.

दुसऱ्या सकाळी तिने पुढच्या गाण्याचं बटण दाबलं नाही. कालचंच लावलं.

त्याला कळायला दोन-तीन सकाळी लागल्या. मग तो यंत्राकडे डावा हात लांबवू लागला. तिने ते कपाटावर ठेवलं. शब्दबाईला तिने फोन केला, ते फार दमतात, रडतात, तूर्त थांबू या. शब्दबाई कळवळून सांगत होती की काकू, नेमकं आत्ता थांबू नका, शब्द उंबऱ्यापर्यंत आलेत. बघू, असं म्हणून तिने फोन ठेवला. ताल ती धरत होती, चालही सोडत नव्हती; बिनचालीचं एक अक्षर त्याच्या तोंडून निसटू लागलं की ती हसून वरच्या पट्टीत गायला लागायची, आणि तो त्या चालीत ओढला जायचा, पुरात ओंडका जावा तसा.

एका सकाळी सुईत दोरा ओवताना तिने त्याला सांगितलं. तिचा आवाज मऊ होता. "मला ह्या माणसाबरोबर राहायचंय. त्या दुसऱ्याबरोबर राहून झालंय माझं."

त्याने चमचा फेकला. तिने तो उचलून धुतला.

मग जुनी गाणीही तिला ऐकू येईनाशी झाली. *पाणी ठेव गं दाराशी* असं तो म्हणायचा आणि ती शेजारीच बसून टीप घालत राहायची. पुन्हा म्हणायचा, ओरडून म्हणायचा. मशीनचं चाक फिरत राहायचं. पहिल्या वेळी त्याने दुपारपर्यंत दम धरला. ओठ सुकून पांढरे झाले, डोळ्यांत राग मावेना. शेवटी तो म्हणाला, ये, बैस जवळ अशी. तिने लगेच मशीन थांबवलं. "आले हो," ती म्हणाली, पेला घेऊन आली, कडेवर बसली, मानेखाली हात घालून घोट घोट पाजलं आणि पदराने हनुवटी टिपली. एवढ्या मायेने त्याला कुणी कधी पाणी पाजलं नसेल.

पुढे भूक लागली तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. जे लागत नाही ते गळतं. खिडकीचं पाखरू गेलं, नदी गेली. तो स्वतःचा शब्द तर त्याने किती वेळा ओठांवर आणून पाहिला. 'म' यायचा आणि बाकीचं आतच बुडायचं. ती सकाळी केस नीट विंचरू लागली होती. शिव्या द्याव्यात तसा तोंड वेडंवाकडं करून तो म्हणायचा, *दिवस किती गं लांबला*, आणि ती म्हणायची, लांबला खरा, दिवेलागणीला अजून वेळ आहे. कपडे न्यायला आलेल्या बायका ते ऐकून दारातच थबकायच्या. आमचे हे धडधाकट आहेत, पण एक शब्द नाही हो असा, असं म्हणून आपल्या पिशव्या उचलायच्या.

वर्ष सरत आलं तेव्हा मुलगी पुन्हा आली. बापाने तिला पाहिलं. तिचं मनगट त्याने डाव्या हाताने असं धरलं की बांगडी रुतली. त्याला सांगायचं होतं. कपाटाकडे बघत होता, बायकोकडे बघत होता, पुन्हा कपाटाकडे. घामाने कपाळ भिजलं. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, *ये, बैस जवळ अशी.*

मुलगी बसली. तिचे डोळे भरले. "बघ ना आई," ती म्हणाली, "एवढं मऊ कधी बोलले होते का गं आपल्याशी?"

"आता रोज बोलतात," आई म्हणाली.

मुलीचं लक्ष कपाटावरच्या यंत्राकडे गेलं. कितव्या गाण्यापर्यंत आलात, असं विचारत ती उठली, टाचा उंचावून तिने ते खाली घेतलं, वरची धूळ फुंकली. तो श्वास रोखून तिच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा पुढच्या गाण्याच्या बटणावर टेकला होता. त्या अंगठ्याखाली त्याची उरलेली सगळी गाणी होती, आणि त्यांच्याही मागे, कुठेतरी, त्याचं स्वतःचं बोलणं.

"नको गं," आई मशीनवरून न उठता म्हणाली. "नवीन लावलं की दमतात ते."

मुलीने अंगठा उचलला नाही. ती त्याच्यापाशी वाकली. "बाबा, खरंच दमता का? की लावू?"

मान नाही म्हणत होती, मग हो म्हणत होती, मग पुन्हा नाही. त्याने मान सोडून दिली. सगळा जीव जिभेवर गोळा केला. एक अक्षर पुरे होतं, नुसतं 'ला' आलं असतं तरी तिने लावलं असतं. त्याने डोळे मिटले, आणि पाठ झालेल्या चालीत, कातर, गोड आवाजात म्हणाला,

*दमला गं जीव माझा...*

मुलीने अंगठा उचलला आणि यंत्र पुन्हा कपाटावर ठेवलं. त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि तो अजून म्हणतच होता तर बोट ओठांवर ठेवून त्याला हळूच गप्प केलं.

"बघ," आई म्हणाली, "स्वतःच्या तोंडाने सांगतायत."