शेंबूड विभागातली प्राध्यापक

मोठ्या रुग्णालयात मुलांच्या तातडीच्या दवाखान्याला 'शेंबूड विभाग' म्हणत. तोंडावर नाही; तोंडावर म्हणताना 'आमचे बाहेरचे सहकारी.' दवाखाना रस्त्यापलीकडे होता, औषधांच्या आणि चपलांच्या दुकानाच्या मधे. उद्यापर्यंत थांबवत नाही, पण अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी असंही काही नाही, अशी पोरं तिथे यायची. कुणाचा कान ठणकतोय, कुणी कपाळ फोडून घेतलंय, कुणाचा खोकला थांबत नाही.

तिथल्या डॉक्टरणीला ते नाव फार झोंबायचं. कामात ती वाघीण होती. पण रुग्णालयाच्या बैठकीत तिला टेबलाशी खुर्ची मिळत नसे, भिंतीशी मिळे. बरोबरीचे लोक प्राध्यापक होऊन बसले होते. भेटले की विचारायचे, "अजून तिथेच का गं?" जशी काही ती शिक्षा भोगत होती.

शेवटी तिने हिय्या करून मोठ्या सरांना गाठलं. मोठे सर म्हणजे रुग्णालयाच्या बालविभागाचे प्रमुख. आजारी मुलाला त्यांनी शेवटचा हात कधी लावला होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण आजारी मुलांविषयी बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"सर, आम्हालाही संशोधन करायचंय, शिकवायचंय. आमच्या कामात पुढे जायला काही वाटच नाही."

"अगदी माझ्या मनातलं बोललीस! संघटना काढ. अध्यक्षपदाची काळजी करू नकोस, ते मी बघतो."

तिने काळजी केली नाही. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

सुरुवात मात्र झकास झाली. गावोगावचे तातडीवाले डॉक्टर पहिल्यांदाच एका खोलीत बसले. एकाने सांगितलं की त्याची सासू अजून विचारते, जावईबापू खरे डॉक्टर कधी होणार? सगळे पोट धरून हसले, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय.

मग सरांनी समित्या नेमल्या. 'तातडी' म्हणजे काय हे ठरवायला एक समिती बसली. तिने घाई करायची नाही असं एकमताने ठरवलं. नव्यांना वाट दाखवायला मार्गदर्शक नेमले, ते स्वतःच वाट शोधत होते. हात दुखावलेल्या कोणत्या मुलांना एक्स-रे लागत नाही, यावर डॉक्टरणीने जीव ओतून निबंध लिहिला. तो छापून आला तेव्हा पहिलं नाव सरांचं होतं. तिला 'सहायक प्राध्यापक' पद मिळालं आणि दवाखान्याच्या दारावर पितळी पाटी लागली.

"पाटी छान दिसते हो, मॅडम," तिथली सिस्टर म्हणाली. "आत कुणी बसलं तर आणखी शोभेल."

कारण डॉक्टरीण हल्ली बैठकांना असायची.

पहिली परिषद भरली. विषय होता, 'एकाही मुलाला थांबावं लागू नये.' झाडून सगळे तातडीवाले आले. येताना त्यांनी दवाखान्यांना कुलुपं लावली आणि दारांवर कागद चिकटवले: 'डॉक्टर परिषदेला गेले आहेत. तातडीचं काम असल्यास उद्या यावे.'

हा कागद डॉक्टरणीच्या नवऱ्याने वाचला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. त्या दुपारी त्याने लेकीला, भिंगरीला, हात धरून गरगर फिरवलं होतं आणि तिचा हात लुळा पडला होता. बायको फोन उचलेना. दवाखान्याला कुलूप. रस्ता ओलांडून रुग्णालयात गेला, तर तिथली बाई म्हणाली, "इथे अपघातवाले आधी. तुम्ही समोरच्या दवाखान्यात का नाही जात?"

तो रडत्या भिंगरीला खांद्यावर टाकून थेट परिषदेच्या सभागृहात घुसला. व्यासपीठावर सर बोलत होते. शेजारी डॉक्टरीण वेळ संपल्याची घंटा घेऊन बसली होती. सरांसाठी ती वाजवायची नाही असं तिला बजावलेलं होतं.

"अगं, हिचा हात बघ!" तो दारातूनच ओरडला.

सभागृहभर मुलांचेच डॉक्टर. भराभर कोंडाळं झालं. एकाला एक्स-रे हवा होता. दुसरा म्हणाला नको, नुकताच निबंध आलाय. तिसऱ्याने तो निबंध वाचला नव्हता, पण त्याचा त्याला विरोध होता. सर माइकवरून म्हणाले, "वा! प्रत्यक्ष उदाहरणच आलं. आणा तिला वर."

"उदाहरण नाही हो, पोरगी आहे माझी!" नवरा कडाडला.

तोवर डॉक्टरीण खाली आली होती. ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेत जमिनीवरच बसली, लेकीला मांडीत घेतलं. कोपराला अंगठा लावला आणि क्षणभर थबकली. बऱ्याच दिवसांत तिने हे केलं नव्हतं. मग मनगट धरून हलकेच फिरवलं. बोटाखाली बारीकसं 'टक' झालं, निसटलेला सांधा जागेवर बसला. भिंगरीने टाहो फोडला, आणि थोड्या वेळाने त्याच हाताने आईच्या गळ्यातलं परिषदेचं ओळखपत्र ओढायला लागली.

"टाळ्या!" सर म्हणाले. "हे आपल्या संघटनेचं यश!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरीण लेकीला घेऊन तडक बाहेर पडली.

"माझ्याच दवाखान्याचं दार बंद," पायऱ्यांवर ती म्हणाली. "लाज वाटते रे. सोडते सगळं."

"सोड," नवरा म्हणाला. "पण रागात नको. रागात तू भलतंच सोडशील."

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. मनात सगळं घोकून ठेवलं होतं. पण सर तिच्याही पुढे. "ये, ये! कालच्या घटनेवर निबंध लिहू. दुसरं नाव तुझं. सहयोगी प्राध्यापकपद खिशात आलंच म्हण."

घोकलेला राजीनामा बाजूला राहिला. सहयोगी! मोह तिलाही होताच.

"पहिलं नाव माझं," ती म्हणाली. "सकाळी मी दवाखान्यात बसणार, बैठका दुपारनंतर. आणि परिषद असली तरी एकही दवाखाना बंद राहणार नाही. पाळ्या लावायच्या."

"छान सूचना. त्यासाठी एक समिती नेमू–"

"पाळ्या मी लावल्यात, सर. पहिली तुमची."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण पाळी काही टळली नाही. ती संपल्यावर सिस्टरने एवढंच सांगितलं, की सरांचं भाषण ऐकून एक बाळ शांत झोपलं.

निबंध छापून आला. डॉक्टरीण सहयोगी प्राध्यापक झाली. बैठकीत आता टेबलाशी खुर्ची होती, आणि ती आपल्याला आवडते हे तिने नवऱ्यापाशी कबूल केलं. त्याने निबंध उलटसुलट करून पाहिला.

"आपल्या पोरीचं नाव कुठंय?"

"नाव नसतं रे. 'एक लहान मुलगी' असं लिहितात."

"आणि मी?"

"सरांनी 'बेजबाबदार नातेवाईक' लिहिलं होतं. मी भांडून 'पालक' करून घेतलं."

"भांडलीस? माझ्यासाठी?"

"मग! संपादकांकडे दोनदा पत्र पाठवावं लागलं," ती म्हणाली, आणि भिंगरीला कडेवर घेऊन दवाखान्यात निघाली. पाळणाघराला सुट्टी होती.