डोंगरावरून न दिलेली ओ

"देवाला जायचं म्हणलं की गुडघे दुखत्यात तुमचे," तुळजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आन् आज भर उन्हाळ्याचं डोंगरावर कशापायी चाललाव?"

मोहनरावांनी पायात चपला सरकवल्या. दूध संस्थेचा चेअरमन, साठीला टेकलेला माणूस, पाठीवर नातवाच्या शाळेचं दप्तर अडकवून सकाळी सकाळी उंबऱ्याबाहेर पडतो, याचं कारण सांगायला सोपं नसतं. दप्तरात वीतभर लांबीचा वायरलेस सेट होता. "रेडिओवर बोलायला जातोय" म्हटलं असतं तर "मग मोबाइल काय चुलीत घातला?" असं ऐकावं लागलं असतं, आणि या प्रश्नाला बायकोला पटेल असं उत्तर आजवर एकाही हॅमवाल्याला सुचलेलं नाही.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, त्याबरोबर आपलं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळतं. मग टॉवर नाही, कंपनी नाही, आपल्याच सेटवरून हवेत हाक मारायची. ऐकणारा कुणी असलाच तर ओ देतो. छोट्या सेटचा आवाज डोंगर अडवतात, म्हणून हौशी माणूस सेट घेऊन डोंगरावरच चढून बसतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

हे वेड एकट्या मोहनरावांचं नव्हतं. खरं तर ते चन्नप्पाचं. चन्नप्पा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. सिरसाळ्यात त्याचं रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचं दुकान. किल्लारीच्या भूकंपात दोघं संस्थेच्या टेम्पोतून भाकऱ्या घेऊन गेले होते. तिथे लिंबाखाली एक माणूस सेट मांडून बसलेला आणि कोण जिवंत आहे ते दूरदूरच्या नातलगांना कळवत होता. फोनच्या तारा तुटल्या होत्या, याचा आवाज तेवढा जात होता. चन्नप्पाने ते डोक्यात घेतलं ते घेतलंच. बऱ्याच वर्षांनी अंबाजोगाईचे डॉक्टर उत्तरेश्वर भेटले, स्वतः जुने हॅम. त्यांनी दोघांना शिकवलं, औरंगाबादला परीक्षेला बसवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "परवाना सरकार देतं, पण रीत आपली आहे. हवेवर कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची. वैरी असला तरी. भांडण जमिनीवर ठेवून यायचं." बेतही तेव्हाच ठरला होता: परवाने आले की मोहनराव डोंगरावर, चन्नप्पा दुकानात, आणि मधे फक्त हवा.

परवाने यायच्या आत दुष्काळ आला. लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. संस्थेने माळावर चारा छावणी उघडली आणि मोहनरावांनी नियम केला, छावणीत जनावर फक्त सभासदाचं. नियम अगदीच वाईट नव्हता. चारा मोजकाच होता. पण वार्षिक सभेत चन्नप्पा उभा राहिला. घरी एक म्हैस, म्हणून तोही सभासद.

"चेअरमनसाहेब," तो म्हणाला, "तहान लागल्यावर गाय मालकाला इचारत न्हाई, तू सभासद हाइस का न्हाई म्हणून."

सभा हसली, हात वर झाले आणि नियम पडला. मोहनरावांना हरल्याचं एवढं वाटलं नाही. झोंबलं ते 'चेअरमनसाहेब'. ज्याने जन्मभर 'मोहन्या' म्हटलं, त्याने चारचौघांत साहेब म्हणून आपलं हसं करावं? छावणीत बाहेरची जनावरं आली, सगळ्यांत वाटून चारा पुरला, चन्नप्पाचं खरं ठरलं. मोहनरावांना ते कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तेव्हापासून सिरसाळ्याच्या बाजारात दोघं समोरासमोर आले की एकाला अचानक वांगी बघायची असत आणि दुसऱ्याला आभाळ. परवाने आले ते असे, दोन्ही घरी वेगवेगळे, आणि एकमेकांशी बोलायला घेतलेले दोन सेट मुके पडून राहिले.

आज मोहनराव निघाले होते ते डॉक्टरांशी बोलायला. निदान तसं ते स्वतःला सांगत होते.

म्हसोबाचा डोंगर फार उंच नाही, पण नवशिक्याला पुरून उरतो. वाटेतलं टाकं आटून त्यात पालापाचोळा पडलेला, म्हणून पाणी घरूनच न्यावं लागलं. दोन बाटल्या दप्तरात मावेनात, तेव्हा मोहनरावांनी सेटची जादा बॅटरी काढून घरीच ठेवली. बोलून बोलून बोलणार किती! जाणत्या हॅमने पाणीही नेलं असतं आणि बॅटरीही. दुसरं शहाणपण म्हणजे घरातून निघतानाच सेट चालू केला होता, वाटेत कुणाचं काही ऐकू आलं तर म्हणून. धापा टाकत ते वर पोचले, बोरीच्या फांदीवर ॲंटेनाची वायर टांगली, सेट पूर्ण ताकदीवर लावला आणि घसा खाकरून, सभेत उभं राहिल्यासारखं, आपलं कॉलसाइन उच्चारलं.

बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, इतका स्वच्छ की मोहनरावांनी मागे वळून पाहिलं.

"काय चेअरमन, चढलात का शेवटी?" डॉक्टर हसत होते. "शेजारी बसल्यासारखे ऐकू येताय."

मोहनरावांना उड्या माराव्याशा वाटल्या. त्यांनी ऊन सांगितलं, आटलेलं टाकं सांगितलं, छावणीचे पत्रे इथून कसे चमकतात ते सांगितलं, सांगतच सुटले. डॉक्टरांकडे पेशंट खोळंबले होते. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि निरोप घेतला. सेटने बारीक 'टिक' केलं. तिकडे मोहनरावांचं लक्ष गेलं नाही.

आणि तेवढ्यात खालून हाक आली.

आधी मोहनरावांचं पूर्ण कॉलसाइन, मग हाक मारणाऱ्याचं. अगदी रीतीला धरून. "तुमचा आवाज लई साफ येतोय. सिरसाळ्याहून चन्नप्पा बोलतोय. ओव्हर."

मोहनरावांचा अंगठा बोलायच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. राग नव्हता, हे त्यांना नंतर शपथेवर सांगता आलं असतं. आनंदच होता. पण त्या आनंदात एक वळवळ होती: हा आपणहून आला. येऊ दे. अजून एकदा बोलवू दे.

चन्नप्पाने पुन्हा हाक मारली, पुन्हा रीतीने. आता आवाज जरा पडला होता. मोहनराव हसले. खाली सिरसाळ्याची पाण्याची टाकी दिसत होती. तिच्या अलीकडेच कुठेतरी ते दुकान. अजून एक, त्यांच्या मनाने म्हटलं, मग देतो ओ.

तिसऱ्यांदा कॉलसाइन आलं नाही. "मोहन्या," आवाज म्हणाला, "असलास तर बोल की बे."

हेच हवं होतं. मोहनरावांनी बटण दाबलं, "चन्न्या" म्हणायला तोंड उघडलं, आणि सेट विझला.

त्यांनी पुन्हा चालू केला. दिवा लागला; बटण दाबताच विझला. ऐकायला लागते तेवढी बॅटरी शिल्लक होती, बोलायला लागते तेवढी नव्हती. त्यांनी बॅटरी काढून शर्टावर घासली, उन्हात धरली, म्हसोबाला नारळ बोलले. शेवटी वेड्यासारखे कड्यापाशी जाऊन "चन्न्या!" म्हणून ओरडले. चरायला काही नसताना डोंगरावर आलेल्या दोन शेळ्यांनी तेवढं वर बघितलं.

उतरताना त्यांनी ठरवलं, घरी जायचंच नाही. थेट सिरसाळा. सगळं सांगायचं: ऐकलं, मुद्दाम गप्प बसलो, चुकलो. शिव्या देईल, देऊ दे.

दुकानाशी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. चन्नप्पा समोर सेट उघडून बसला होता. त्याच्या बायकोने, उमाबाईंनी, मोहनरावांना बघितलं, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून आणला. त्या वर्षी पाहुण्याला अर्धा देत होते.

"चन्नप्पा, सकाळी डोंगरावर..."

"बस आधी. मी सांगतो." चन्नप्पाने स्टूल पुढे सरकवलं. "तू डॉक्टरसंगट बोलत हुतास, शब्द न् शब्द ऐकला मी. तीनदा हाक मारली तुला. पर पोचलीच न्हाई. माझ्याच ॲंटेनात खोट हाय, ऐकू येतं पर आवाज भाईर जात न्हाई."

"भाऊजी, तुमाला खरं सांगू का?" उमाबाई म्हणाल्या. "लई रविवार झाले, दुकान बंद ठिवून सेटला कान लावून बसत्यात. आज मी म्हणलं, त्येंनी ऐकलं आसंल, राग हाय म्हणून बोलले नसतील. तर माझ्यावरच खेकसले. म्हणले, मोहन्या भांडंल, तोंडावर शिव्या दील, पर हाक ऐकून गप बसणारा मानूस न्हाई त्यो."

मोहनरावांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी संपेपर्यंत खाली आणला नाही. वाटभर जुळवलेले शब्द घशाशी होते. एक वाक्य, बस्. पण चन्नप्पा त्यांच्याकडे असा बघत होता की ते वाक्य निघेना.

"न्हाई ऐकू आलं," ते म्हणाले.

"बघ!" चन्नप्पाने बायकोकडे बघून मांडीवर थाप मारली. "म्हणलं न्हवतं मी?"

चहा झाला. इतक्या दिवसांचं बोलणं साठलं होतं, ते सुटलं. मग चन्नप्पाला राहवेना. दुखरा गुडघा सांभाळत तो शिडीने पत्र्यावर चढला. मोहनरावांनी खालून शिडी धरली. एकेक जोड तो उलगडून बघत होता. शेवटी त्याने वायरीचं टोक खाली सोडलं.

"माझी नजर अधू झाली बे. बघ जरा, जोड सैल हाय का?"

मोहनरावांनी जोड बघितला. कथलाचा डाग पक्का होता. ओढून बघितला, हलला नाही. खरं बोलायची संधी दुसऱ्यांदा हातात आली होती, अगदी हातातच.

"हाय जरासा सैल," ते म्हणाले.

चन्नप्पाने वायर वर ओढली, पक्कड घेतली आणि तो चांगला जोड तोडून टाकला.

"तरीच!" तो वरून म्हणाला. त्याचा आवाज एकदम हळवा झाला. "माझ्या एका वायरीपायी आज घरात तुझ्यावर आळ आला रे मोहन्या. माफ कर बाबा."

मोहनरावांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"आसू दे," ते म्हणाले.