खरखर

तेजस्विनीने अँटेनाचा शेवटचा नट पान्याने आवळला, काठी दोनदा गदागदा हलवून पाहिली आणि होडीतूनच ओरडली,

"पप्पा, वादळात पण हलणार नाही ही!"

"वादळाचं नाव नको घेऊ इथं," उरलेली वायर गुंडाळत शेखर हळूच म्हणाला.

तिने जीभ चावली. वर टेकाडावरच्या पत्र्याच्या केबिनकडे पाहिलं. पुंजारामबाबा खिडकीत नव्हते.

शेखरचं शहरात, द्वारका चौकात, गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं दुकान. मागच्या दिवाळीत त्याने धरणावरच्या या बोट क्लबच्या दोन होड्यांवर वायरलेस सेट बसवले होते, आणि एक सेट वर केबिनमध्ये. धरणाच्या पाण्याच्या वळणापलीकडे मोबाइलला रेंज नाही. होडी अडचणीत आली तर केबिनला हाक मारता यावी म्हणून. जूनमध्ये त्यातलीच एक होडी एकटा परत आणताना सोमनाथ वाऱ्यात सापडला. होडी वळणावर उलटी मिळाली आणि सोमनाथ दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी केबिनमध्ये सेटपुढे बसला होता तो त्याचा बापच, पुंजारामबाबा. सेटवर काहीच आलं नाही.

आता बाकीच्या चार होड्यांनाही सेट बसवले जात होते. सहामाही संपली होती, त्यामुळे तेजस्विनी हट्टाने आली होती. चारही होड्यांचं सोल्डरिंग तिने एकटीने केलं होतं आणि त्याचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकूनही झाले होते.

"मी होडी घेऊन वळणावर जातो," शेखर म्हणाला. "बरोब्बर साडेचारला बोलेन. तू वरून उत्तर दे. आणि जास्त बडबडू नकोस, ते रेडिओ स्टेशन नाही."

ती पळतच टेकाड चढली.

"ये, इंजिनेरबाई," पुंजारामबाबांनी स्टूल पुढे सरकवलं. "पाणी घे आधी. लय धापा टाकती."

सेट स्वच्छ पुसलेला होता. खाली घडी केलेला टॉवेल, बाजूला माइक. बाबा त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले. क्लबने त्यांना घरी बसायला सांगितलं होतं, तरी ते रोज येत होते.

"भांडण झालं व्हतं आमचं त्या दिशी," ते सेटकडे बघत म्हणाले. "सकाळी. डब्यावरनं. एवढंसं. पोरानं शेवटाला हाक बी मारली नाय मला. बुडला, पर मारली नाय."

तेजस्विनीने ग्लास खाली ठेवला.

साडेचार वाजले. सेट गप्प. चार पस्तीस. तिने मागच्या वायरी चाचपल्या, अँटेनाचा जोड पाहिला. हिरवा दिवा लागलेला होता. मग तिची नजर उजवीकडच्या छोट्या बटणावर गेली. ते पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

"बाबा, हे कोणी फिरवलं?"

"मीच. खरखर लय व्हायची, डोकं उठायचं. तूच नाय का दाखवलं दिवाळीत? 'बाबा, हे फिरवा, एकदम शांत.'" ते थोडेसे हसले. "तवापासनं बरं हाय बघ. जवळच्या होड्या चांगल्या ऐकू येत्यात."

दिवाळीत तिला अर्धंच माहीत होतं. त्या बटणाने आधी खरखर जाते आणि आणखी फिरवलं की लांबून येणारा बारीक आवाजही जातो, हे पप्पांनी तिला गेल्या महिन्यात शिकवलं.

तिने बटण डावीकडे वळवलं. केबिनभर खरखर पसरली आणि तिच्यातून, खोल विहिरीतून यावा तसा, शेखरचा आवाज आला.

"केबिन, केबिन... कोणी ऐकतंय का?"

"कुठनं बोलतोय त्यो?" बाबांनी विचारलं.

तिने बटणावरचा हात काढून घेतला.

"पोरी, कुठनं?"

"वळणावरून."

बाबांनी हात पुढे केला. बोटं जाडी, नखं पाण्याने पांढरी पडलेली. त्यांनी बटण उजवीकडे फिरवलं. आवाज गेला. डावीकडे. आला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. तेजस्विनी त्यांच्या रागावण्याची वाट बघत राहिली. ते एकदा मोठ्याने ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"म्हंजी हाक मारली असंल," ते एवढंच म्हणाले.

त्यांचा हात तसाच बटणावर राहिला. तिच्या तळव्यांना अजून सोल्डरचा वास येत होता. तिने ते फ्रॉकला पुसले, पुन्हा पुसले.

"केबिन," खरखरीतून शेखर म्हणाला. "तेजू? बाबा? अहो, कोणी आहे का तिथं?"

माइक दोघांच्या मध्ये पडलेला होता. कोणाचाच हात तिकडे गेला नाही.