इस्त्री उभी राहिली की बोलायचं

आत्याच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असे. गिऱ्हाईक कितीही मोठ्या घरचं असो, ‘तुमच्याकडेच बटण तुटलं’ असं तिला म्हणायची कोणाची छाती नव्हती. म्हणून तर लाँड्रीच्या काउंटरवर ती बसायची आणि आत, वाफेत, तिचा दादा आणि वहिनी इस्त्रीच्या टेबलांशी उभे असायचे. दादा अबोल. वहिनी त्याहून अबोल, आणि आत्याच्या मते जरा भोळसटच. बोलण्याच्या बाबतीत आत्याच्या वळणावर गेली होती ती फक्त दादाची सहा वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि का म्हणतात ते कोणी विचारत नसे.

दुकानात मात्र भिंगरीलाही एक नियम होता. इस्त्री चालवणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. इस्त्री उभी राहिली की बोलायचं. ती नुकती बोलायला लागली होती तेव्हा तिने मागून जोरात ‘आई’ अशी हाक मारली होती, वहिनी दचकून वळली होती आणि मनगटावर जो चट्टा उठला तो कायमचा. तेव्हापासून हा नियम आणि भिंगरीने तो कधी मोडला नाही. टेबलाच्या टोकाशी ती ओठ घट्ट मिटून उभी राही, डोळे आईच्या हातावर. वहिनीने इस्त्री उभी केली रे केली, की साठवलेलं सगळं एका दमात बाहेर: मांजर, शेजारचं भांडण, हलणारा दात, सगळं ओळीने, काही न विसरता.

आत्या तिच्याकडे बघायची आणि तिच्या जिवाची घालमेल व्हायची. ही पोर अशी वाफेतच मोठी व्हायची का?

रस्त्याच्या टोकाला ती शाळा होती. उंच फाटक, आत मोठं मैदान, आणि मुलींच्या झग्यांना कमरेपासून खाली बारीक चुण्या. त्या चुण्या वर्षानुवर्षं याच दुकानात बसवल्या जात होत्या, पण त्या घालणारी मुलगी या घरातून कधी गेली नव्हती. फीचं नाव काढायची सोय नव्हती. आणि फीपलीकडे आणखी एक गोष्ट होती, जी कोणी तोंडावर बोलत नसे. ही माणसं ‘पलीकडची’. आत्याचे आजोबा नदीपलीकडून इथे आले. त्यानंतर नदीवर पूल झाला, पुलावर गर्दी झाली, पण यांच्या घरातली बोली ऐकली की लोकांना अजून हे पलीकडचेच वाटायचे. शहराची ही एक गंमतच आहे. आपले कपडे यांच्या हाती बिनधास्त द्यायचे, आणि आपल्या पोराच्या बाकावर यांचं पोर बसायचं म्हटलं की कपाळाला आठ्या.

यंदा शाळेने आसपासच्या मुलांसाठी काही जागा बिनफीच्या ठेवल्या. त्या भराभर भरल्या. एकच उरली आणि त्या जागेसाठी भिंगरीला मुलाखतीला बोलावणं आलं. पुढच्या वर्षी या जागा असतील की नाही हे कोणी सांगत नव्हतं. झालं, आत्याच्या अंगात वारं शिरलं. तिने घरात फर्मान काढलं की मुलाखतीपर्यंत घरात आपली बोली बंद. भिंगरीशी बोलायचं ते इथल्या भाषेत. बिचारी वहिनी, तिचे शब्द निम्म्यावर अडायचे. मग ती बोलणंच टाळू लागली.

“आणि तिथे तू तोंड उघडू नकोस हं,” आत्याने तिला बजावलं. “मी आहे ना बोलायला.”

वहिनीने मान हलवली.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या दाराबाहेरच्या खुर्च्यांवर आणखी काही पालक बसले होते. त्यातल्या एका बाईंनी आत्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अय्या, बरं झालं भेटलात! माझे पडदे झाले का?”

“परवा देते,” आत्या म्हणाली. “आज मी दुकानात नाही, दिसतंय ना?”

बाईंना तेव्हा कुठे भिंगरीचे विंचरलेले केस, नवे बूट दिसले. “अच्छा,” त्या म्हणाल्या, आणि आपली पर्स उगाच मांडीवर ओढून घेतली. आत्याला काहीतरी सणसणीत सुचलं होतं, पण आज तिने जिभेला लगाम घातला. आज भिंगरीचं काम होतं.

आत लांबलचक टेबलामागे दोघं बसली होती. एक मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चष्मा नाकावर घसरलेला. दुसरे शाळेचे विश्वस्त, टाय लावलेले, अगदी मऊ आवाजाचे.

“वडील नाही आले?” विश्वस्तांनी विचारलं.

“दुकान बंद ठेवता येत नाही,” आत्या म्हणाली. “ही आई. मी आत्या.”

विश्वस्तांनी लिहून घेतलं. मोठ्या बाईही लिहीतच होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, “काय गं, घरी कोण कोण आहे तुझ्या?”

भिंगरी गप्प.

“बरं, तुला काय आवडतं?”

गप्प.

आत्या चक्रावली. ही पोर झोपेतसुद्धा बडबडते आणि आज हिची दातखीळ बसली?

“चंद्र रोज रात्री दिसतो,” मोठ्या बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. “दिवसा कुठे जातो गं तो?”

भिंगरीचे ओठ घट्ट मिटलेले. मान ताठ.

“मोठी होऊन कोण होणार?”

काही नाही. पेनांची तेवढी कुरकुर. विश्वस्तांनी एक उसासा टाकला आणि ते आत्याकडे वळून फार प्रेमाने बोलले. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या वस्तीतल्या मुलांचं असं होतं. घरची बोली वेगळी, घरी संवाद कमी. मुलीचा दोष नाही. पण इथे तिचीच ओढाताण होईल.”

त्यांनी खेकसून सांगितलं असतं तर आत्याने त्यांना तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. या मऊ बोलण्यापुढे काय करायचं ते तिला कळेना. आणि मनात एक भीती उभी राहिली: हे माझंच पाप. मीच पोरीची बोली बंद केली, ती आता कुठल्याच भाषेत बोलत नाही.

ती भिंगरीच्या कानाशी वाकली आणि ज्या खोलीत आपल्या बोलीतलं अक्षरही काढायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तिथेच, त्याच बोलीत म्हणाली, “बोल गं सोन्या. आपल्या भाषेत बोल. मी सांगेन त्यांना.”

भिंगरीने तिच्याकडे फक्त एक नजर टाकली. ‘आत्या, तुला एवढंही कळत नाही?’ अशी ती नजर होती. मग तिने डोळे पुन्हा समोर लावले.

तेवढ्यात वहिनीने आत्याचा पदर ओढला आणि हळूच, त्यांच्याच बोलीत म्हणाली, “ताई, त्यांचा हात चालू आहे.”

आत्या तिला डोळ्यांनीच दटावणार होती. मग तिनेही पाहिलं. भिंगरी मोठ्या बाईंच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती पेन धरलेल्या हाताकडे, आणि तो हात थांबायची वाट पाहत होती.

आता हे सांगायचं कसं? गल्लीत जिच्या आवाजाने कावळे उडायचे, ती आत्या आता मनात शब्द जुळवू लागली. शाळेच्या मोठ्या बाईंना ‘लिहिणं थांबवा’ असं कोण म्हणतं?

“बाई,” ती म्हणाली, “जरा... पेन खाली ठेवता का?”

“काय म्हणालात?” विश्वस्त चमकले.

“आमचं इस्त्रीचं काम आहे. चालत्या हाताशी बोललं तर माणूस भाजतो. हिची आई भाजलीय. म्हणून आम्हीच शिकवलंय, समोरच्याचा हात थांबला की बोलायचं. ती घाबरलेली नाही. ती थांबलीय.”

मोठ्या बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने बाही वर केली आणि मनगट टेबलावर ठेवलं. बाईंनी तो चट्टा पाहिला. मग पेनाला टोपण लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले.

भिंगरीने श्वास घेतला, पण बोलली नाही. तिचे डोळे सरकले ते विश्वस्तांच्या हातावर.

“साहेब,” मोठ्या बाई म्हणाल्या, “तुमचंही ठेवा.”

विश्वस्तांनी पेन खिशाला लावलं, आणि धरण फुटलं.

“घरी बाबा आहेत, आई आहे, ही आत्या आहे आणि एक मांजर आहे पण ते आमचं नाही, ते फक्त झोपायला येतं. मला काय आवडतं तर चुण्या आवडतात. झग्याच्या. आई एक एक चुणी बोटाने धरते. आणि मला ते आवडतं, इस्त्रीच्या वर हवा अशी हलते ना, तिला...” इथे तिचं घोडं अडलं. तिने आत्याकडे पाहिलं.

“म्हण,” आत्या म्हणाली. “आपला शब्द म्हण.”

भिंगरीने म्हटला. छोटासा, गोल शब्द.

“पुन्हा एकदा?” मोठ्या बाई पुढे वाकल्या. भिंगरीने पुन्हा म्हटला आणि बाईंनी तो जसा जमला तसा उच्चारून पाहिला. चुकला. भिंगरीने तो दुरुस्त करून दिला आणि लगेच पुढे निघाली, कारण तिचे अजून दोन प्रश्न शिल्लक होते. “आणि चंद्र कुठे जात नाही. तो असतोच, उजेडात दिसत नाही एवढंच. आमच्या दुकानातला दिवा दुपारी लावला तरी कळतो का? आणि मोठी होऊन मी काउंटरवर बसणार. नाहीतर डॉक्टर होणार. आधी डॉक्टर, मग काउंटर. संपलं.”

मोठ्या बाई इतक्या मोकळ्या हसल्या की चष्मा टेबलावर पडला. विश्वस्तही हसले, पण ते हिशेबी गृहस्थ होते. “छान आहे, हुशार आहे,” ते म्हणाले. “पण माझी एक शंका आहे. वर्गात शिक्षिका सारख्या फळ्यावर लिहीत असतात. मग ही वर्षभर अशीच वाट बघत बसणार का?”

शंका खोटी नव्हती. भिंगरीने मात्र त्यांनाच विचारलं, “खडू तापतो का?”

“नाही बुवा.”

“मग बोलेन की.”

विश्वस्त घसा खाकरले. “ठीक आहे. आम्ही विचार करून कळवू.”

‘कळवू’ हा शब्द आत्याला चांगला ठाऊक होता. मोठ्या घरच्या दारांवरून तो तिने पुष्कळ ऐकला होता, आणि त्यानंतर कोणी काही कळवल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने निमूटपणे नमस्कार केला, भिंगरीचा हात धरला आणि ती उठली.

वहिनी उठली नाही. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि इथल्या भाषेत, एक एक शब्द चुणीसारखा नीट धरत म्हणाली, “बाई, मधल्या सुट्टीत मुलं जेवायला कुठे बसतात?”

आत्या जागच्या जागी थिजली.

ती स्वतः लहानपणी शहरातल्या दुसऱ्या एका शाळेत गेली होती. तिथे इतर मुली डबे उघडून गोल करून बसायच्या आणि आत्याने डबा खाल्ला तो जिन्याखाली, एकटीने, झाडू ठेवायच्या जागेत. पलीकडचीच्या शेजारी कोण बसणार? कोणी मारलं नाही, कोणी हाकललं नाही. फक्त रोज जिना. शेवटी तिनेच शाळा सोडली. जन्मात एकदाच तिने हे कोणाला सांगितलं होतं, वहिनी नवीन लग्न होऊन आली तेव्हा, कपड्यांच्या घड्या घालता घालता. वहिनी तेव्हा काहीच बोलली नव्हती. आत्याला वाटलं होतं, भोळसट आहे, हिला काय कळणार.

मोठ्या बाईंनी वहिनीकडे नीट पाहिलं. हा प्रश्न नुसत्या जागेचा नाही, हे त्यांना समजलं असावं.

“मागे मोठी खोली आहे,” त्या म्हणाल्या. “लांब टेबलं आहेत. सगळी मुलं एकत्र बसतात. चला, दाखवते. ही कुठे बसणार तेही बघून घेऊ.”

“मॅडम, पण आपलं अजून ठरलेलं...” विश्वस्त अर्धवट उठले.

“माझं ठरलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमचं चालताना ठरवा. या.”

आत्याला हे कळायला चार पावलं लागली. कॉरिडॉरमध्ये पुढे वहिनी आणि मोठ्या बाई चालल्या होत्या, आणि वहिनी चक्क बोलत होती. अडखळत, चुकत, पण बोलत होती. पाणी कुठलं, बाक किती उंच, डबा गरम होतो का. आत्याने डोळ्यांना पदर लावला. एवढी वर्षं आपण हिला बोलूच दिलं नाही, असं तिला वाटलं, आणि लाजही वाटली, आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठा आनंद झाला.

खोली रिकामी होती. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बाकं, खिडक्यांतून ऊन. भिंगरीने सगळी टेबलं नजरेखालून घातली. मग ती धावत गेली आणि मधल्या टेबलाच्या बाकावर बरोब्बर मधोमध चढून बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

“आत्या, इथे!” तिने बाकावर थाप मारली. “तू इकडे बस, आई तिकडे.”

आत्या बसली.