भुरीकडे पाठ

“पाठ करा म्हणते ना! सगळ्यांनी!” आत्या कोठाराच्या दारातून ओरडल्या.

आम्ही निमूट वळलो. मी, माझा नवरा आणि धान्याला धुरी द्यायला आलेला औषधवाला. भर दुपारी तिघंही पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे. आत्यांनी ताटली उंबऱ्याबाहेर ठेवली, चमच्याने तिच्यावर टकटक केलं आणि त्याही येऊन आमच्या रांगेत उभ्या राहिल्या.

“ताई, हे काय नवीन?” औषधवाल्याने मला हळूच विचारलं.

“मांजरीला लाज वाटते,” मी म्हटलं. “जेवताना कुणी बघितलेलं चालत नाही. महाराणी आहे ती.”

“हसा,” आत्या म्हणाल्या. “नजर पडली ना, तर पुन्हा माळ्यावर जाऊन बसेल. मग काढा तिला तुम्ही.”

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. त्याची आई लवकर गेली, तेव्हा यांनीच त्याला वाढवलं. तो मोठा झाल्यावर कोठारातली मांजरं वाढवायला घेतली. मांजरं ठेवलेली उंदरांसाठी, पण आत्यांचा त्यांच्यावर असा जीव की मला खरंच राग यायचा. घरात कुणी तापाने फणफणलेलं असलं तरी आधी मांजरांची ताटली भरायची. बाकीची मांजरं निदान पायात तरी घुटमळत. भुरी मात्र अर्धी रानटी. इतक्या वर्षांत आत्यांचा हात तिला कधी लागला नव्हता. ती यायची ती पाठीमागून, आणि आल्याचं कळायचं ते फक्त आवाजावरून. खाताना ती नाकाने ताटली ढकलत न्यायची, फरशीवर खर्र खर्र व्हायचं.

यंदा धान्याला किडे लागले. आता दारं-खिडक्या चिकटपट्टीने बंद करून आत गोळ्या ठेवायच्या होत्या. त्यांचा गॅस सुटला की आत जिवंत काही उरत नाही. आत्या सकाळपासून एकेक मांजर बाहेर काढत होत्या. भुरीची पिल्लं माळ्यावर होती, तीही त्यांनी टोपलीत घालून पंपघरात नेली. राहिली होती एकटी भुरी.

पाठीमागे खर्र खर्र झालं.

“आली गं बाई!” आत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “वळू नका रे अजून.”

आवाज थांबेपर्यंत कुणी वळलं नाही. वळलो तेव्हा ताटली लख्ख होती, मांजर कुठेच नव्हतं.

“गेली पिल्लांकडे,” आत्या म्हणाल्या. “आता करा खुशाल बंद.”

औषधवाल्याने मास्क चढवला, गोळ्या ठेवल्या, दाराच्या फटी बुजवल्या. जाताना त्याने बजावलं. “मी येऊन उघडेन. तोवर कुणी दाराला हात लावायचा नाही. आतल्या हवेत माणूस जागच्या जागी आडवा होतो.”

ऊन कललं तसं पंपघरातून पिल्लांचं रडणं सुरू झालं. आधी बारीक, मग नुसता आकांत.

“दूध पाजून गेली असेल, तरी रडतायत हावरट,” मी म्हटलं.

आत्यांनी पुन्हा ताटली भरून अंगणात ठेवली आणि पाठ करून बसल्या.

खर्र खर्र झालं.

“बघा, आली!” असं म्हणत मी बघितलंच. एक दांडगा, अनोळखी बोका आमच्या देखत ताटली ढकलत खात होता. कुणाची भीड नाही की भीती नाही.

“आत्या,” मी म्हटलं, “ही भुरी नाही.”

त्या वळल्या. “म्हणजे दुपारी पण हाच...” तेवढ्यात कोठाराच्या दारामागून, अगदी खालून, नखांचा आवाज आला.

नवरा ताडकन उठला. “उपरणं बांधतो तोंडाला. श्वास रोखून गेलो नि आलो.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला!” मी किंचाळले. तो थांबलाच नाही. चिकटपट्टीच्या टोकापर्यंत त्याचा हात गेलाही होता.

आत्यांनी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

“नको रे.”

“ती दाराशीच आहे, आत्या! नुसतं ओढलं की...”

“नको म्हणते ना! मागे हो. तुला वाढवलंय मी.”

माझा एवढा थोरला नवरा तिथेच रडायला लागला. मला आत्यांचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी त्याला ओढत अंगणाच्या पार टोकाला आणलं, आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नखं थांबेपर्यंत त्यांनी पाठ केली नाही.

मग त्या पंपघरात आल्या. कापसाचा बोळा दुधात भिजवून टोपलीपाशी ठेवला आणि सवयीने पाठ करून बसल्या. पिल्लांना ही रीत कुणी शिकवलीच नव्हती. ती टोपलीतून धडपडत उतरली, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात आली आणि मांडीवर चढायला लागली. आत्यांचे हात दोन्ही बाजूंना जमिनीवर तसेच टेकलेले होते.

“आत्या, घ्या ना उचलून,” शेवटी मीच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तिला चालेल का गं?”