घामटाची बाजू

आधीच सांगून टाकते. सिनेमातल्या त्या हेराचं काम आजवर चार नटांनी केलं आणि चौघांत घामट सगळ्यांत चांगला. हे मत मी मागे घेणार नाही. इनचार्ज सिस्टरनी लेखी खुलासा मागितला तेव्हाही घेतलं नाही.

मी डायलिसिसच्या खोलीत तंत्रज्ञ आहे. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त यंत्रातून गाळून परत त्यांच्या अंगात सोडायचं, हे आमचं काम. माणूस रविवार सोडून दिवसाआड येतो. सकाळी सात वाजता हातात दोन जाड सुया टोचून घेतो. एका नळीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं, आणि अकरापर्यंत तो हात हलवायचा नाही. त्या चार तासांत करण्यासारखं काही नसतं. खोलीत एकच टीव्ही आहे, भिंतीवर उंच लावलेला. रिमोट कधीचाच हरवलाय आणि चॅनेल बदलायला स्टुलावर चढावं लागतं, म्हणून कोणी बदलत नाही. त्या चॅनेलवर रोज आठ वाजता त्या हेराचा एकेक सिनेमा लागतो. एकूण सतरा आहेत. संपले की पुन्हा पहिल्यापासून.

खिडकीकडच्या तीन खुर्च्या माझ्याकडे. पहिल्या खुर्चीत कुलूपवाले काका, ज्यांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. दुसरीत मावशी, कोट शिवण्यात हयात गेलेल्या. तिसरीत बसचे निवृत्त कंडक्टर, ज्यांना त्यांची बायकोसुद्धा कंडक्टरच म्हणते. तिघांचे तीन नट होते आणि तडजोडीला कोणी तयार नव्हतं.

"पहिल्याचा हात बघा," काका म्हणायचे. "कुलपाशी कसा हळू जातो. बाकीचे मेले तार खुपसतात नि फिरवतात, जसे काही कान कोरतायत."

"हात राहू द्या, कोट बघा त्याचा. अंगावर गोणपाट टाकल्यासारखा," मावशी म्हणायच्या. "आणि मिशाळाचा बघा. भिंतीवरून उडी मारतो, पण बाही मनगटावरून तसूभर सरकत नाही. असा खांदा बसवायला शिंपी जातिवंत लागतो."

"मावशी, आपल्याला हेर निवडायचाय, जावई नाही," कंडक्टरांचा आवाज भरल्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. "हल्लीचा घ्या. चालत्या ट्रकवर उभा राहतो, कशाला म्हणून धरत नाही. गुडघे कसे सैल सोडतो बघा. मी एकतीस वर्षं तसाच उभा होतो."

"मग तुम्हालाच का नाही घेतलं सिनेमात?"

"उंची आड आली."

राहिला घामट. त्याचे तीनच सिनेमे आणि त्याच्या बाजूनं कोणीच नाही. प्रत्येक प्रसंगात त्याचं कपाळ ओलं, कॉलर ओली, काखेत डाग. "ह्याला मशीनची गरज नाही," कंडक्टर म्हणायचे, "सगळं पाणी आपोआपच निघतंय." तिघंही हसायचे. त्या हसण्यात थोडा हेवाही असायचा, असं मला वाटतं. प्यायलेलं पाणी यंत्रानं काढेपर्यंत ह्या तिघांच्या अंगातच राहतं. दिवसभरात लिटरभराच्या आत भागवायचं असतं.

एके दिवशी मावशींनी रागाच्या भरात सुया लावलेला हात उचलला आणि यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावत आल्या. "हे हॉस्पिटल आहे की चव्हाटा?" मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हे एकदाचं मिटव."

मी ते शब्दशः घेतलं. रसायनशास्त्राच्या पदवीनं मला एवढं शिकवलं आहे की वाद असेल तर मोजमाप करावं. तीन आठवडे खपून मी सतराच्या सतरा सिनेमे घरी पाहिले. प्रत्येकाला विचारून चौदा निकष ठरवले, त्यांना वजनं दिली, गुण दिले. पहिला ७१.४, हल्लीचा ६६.९, मिशाळ ६४.२, घामट ३८.५. तक्ता छापला आणि समोरच्या खांबावर चिकटवला.

मला वाटलं, आता खोली डोक्यावर घेतील. कंडक्टरांनी फक्त विचारलं, "दशांश कुठून आला?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मावशी म्हणाल्या, "असेल बाई." जिंकलेले काका म्हणाले, "झालं तर मग." आणि त्या दिवशी मिशाळाचा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालला, कोणी चकार शब्द काढला नाही.

कारण मला उशिरा उमगलं. ह्या लोकांना दर महिन्याला एक छापील कागद मिळतो. पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, पुढे आकडे. त्या कागदाशी कोणी हुज्जत घालत नाही. मान खाली घालायची आणि आणखी एक पदार्थ सोडायचा. मी त्यांच्या हातात तसलाच एक कागद दिला होता.

"बघ, कशी शांतता आहे," सिस्टर खूश होत्या.

तक्त्यानंतरच्या चौथ्या खेपेला सव्वादहा वाजता काका म्हणाले, "पोरी, काढ आता सुया. कंटाळा आला."

माणसाला तो हक्क आहे. स्वतःच्या जबाबदारीवर, असा फॉर्म असतो, त्यावर सही केली की आम्हाला अडवता येत नाही. मी समजावलं, त्यांनी सही केली. पुढच्या खेपेलाही केली.

गणित सोपं आहे. काका येतात तेव्हा अंगात तीन लिटर जास्तीचं पाणी असतं. त्यांच्या वजनाच्या माणसातून तासाला साडेसातशे मिलिलिटरपेक्षा जास्त ओढलं तर रक्तदाब कोसळतो. म्हणजे पूर्ण चार तास हवेतच. पाऊण तास आधी उठले की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी आतच राहतं आणि पुढच्या खेपेच्या पाण्यात मिसळतं. तीन आठवड्यांत त्यांच्या पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायला लागला. पिणं आणखी कमी करूनही काटा तीनाऐवजी चार किलो जास्त दाखवत होता.

काकू बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांनी मला गाठलं. "बसून झोपतात गं. तीन उशा लावल्या तरी धाप लागते. मी बोलले की म्हणतात, तू बस त्या खुर्चीत चार तास."

डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं. "हे असंच चाललं तर पाणी फुप्फुसात भरेल. मग आपली भेट आयसीयूत. तीही झाली तर."

"बरं," काका म्हणाले, आणि त्या दिवशीही साडेदहाला उठले.

मी रजिस्टर काढलं. तक्त्याआधीच्या तीन महिन्यांत काका अडतीस वेळा आले होते आणि दोनदा लवकर उठले होते. तक्त्यानंतर नऊ वेळा आले आणि सहा वेळा लवकर उठले. नऊ हा आकडा काही सिद्ध करायला तोकडा आहे, हे मला कळतं. म्हणून इतर कारणं तपासली. पायात गोळे येत नव्हते. सुया नीट बसत होत्या. यंत्र तेच, औषधं तीच. वेगळी गोष्ट एकच होती आणि ती मी स्वतःच्या हातानं खांबावर चिकटवली होती.

पुढच्या खेपेला घामटाचा सिनेमा लागला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "पोरी, फॉर्म आण."

"आणते," मी म्हणाले. "पण काका, माझा तक्ता चुकलाय. घामट पहिला यायला हवा होता."

"कोण? ती पाणपोई?"

"तोच."

"अगं, अक्कल गहाण ठेवलीस काय? कुलूप उघडताना तार दोनदा निसटते त्याच्या हातातून!"

"निसटते. तीन मिनिटं चाळीस सेकंद लागतात त्याला, मी मोजलेत. तुमच्या पहिल्याला सहा सेकंद लागतात. खरं सांगा, पाच खटक्यांचं कुलूप सहा सेकंदांत उघडतं?"

"सिनेमा आहे तो."

"तुम्हाला किती लागतात?"

"मला? चांगल्या दिवशी दोन मिनिटं. पण मला घाम नाही फुटत!"

"आणि दाराबाहेर बंदूकवाला उभा असला तर?"

"तर काका हत्यारं टाकून पळतील," कंडक्टर म्हणाले. तीन आठवड्यांत प्रथमच त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"तुम्ही गप्प बसा हो, तुमचा हल्लीचा तर बाहुला आहे बाहुला! चावी दिली की पळतो."

"आणि त्याच्या काखेतले डाग?" मावशींनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "असा कोट मी गिऱ्हाइकाला परत दिला असता."

"मावशी, डाग पडतो म्हणजे आत माणूस आहे."

"आम्ही काय मग लाकडाला कोट शिवले?"

काका उसळून पुढे झुकले. मी त्यांचा सुयांचा हात दाबून धरला. "हे बघ पोरी, ज्याला एवढी भीती वाटते त्यानं घरी बसावं. हेर कशाला व्हायचं?"

ह्यावर मी काही ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं. "काका, मी सुई हातात घेतली की दर खेपेला तुम्ही भिंतीकडे तोंड करता. तुमच्या कपाळावर काय येतं, ते मी पुसते. मग तुम्हीही घरीच बसायचं का?"

मावशी चादरीचा काठ बघायला लागल्या. माझी जीभ जरा जास्तच चालली, हे मला कळलं, पण शब्द परत घ्यायचा नाही असंही त्याच क्षणी ठरलं.

काकांचे कान लाल झाले. "माझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"कशी म्हणजे? मला पगार मिळतो का इथं बसायचा? त्याला मिळतो! पगार घेऊन घाम गाळायचा असतो, चारचौघांत दाखवायचा नसतो!"

"हां, हे बरोबर बोललात," कंडक्टर.

"चूक बोललात," मी म्हणाले. मग काका जे सुटले ते सुटलेच. पहिला सिनेमा, दुसरा सिनेमा, पहिल्याची बोटं, घामटाची बोटं, घामटाचं खानदान.

सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता काय झालं? मिटलं होतं ना हे?"

"नाही मिटलं, सिस्टर."

"मग मिटव."

"नाही मिटवणार."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पाच महिन्यांच्या नोकरीत मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "पावणेअकरा झालेत. काका अजून खुर्चीत आहेत."

सिस्टरनी घड्याळ पाहिलं, काकांकडे पाहिलं. काकांनी मोकळा हात झटकला. "जरा थांबा हो सिस्टर, हिला आधी सरळ करतो."

"मला लेखी खुलासा पाहिजे," सिस्टर मला म्हणाल्या. "आजच्या आज."

अकराला यंत्रानं सूर काढला, तेव्हा काकांचं वाक्य अर्धं होतं. सुया काढल्या, कापूस दाबून धरला, ती दहा मिनिटंही ते बोलत होते. तीन लिटर निघालं, किलोभर उरलं. एका दिवसात सगळं निघत नाही.

खरं सांगायचं तर दहा वाजून दहा मिनिटांनी मी खोटं बोलले होते. अकरापर्यंत मला ते पटलं होतं. घरी जाऊन पाहिलं, तर तक्त्यात घाम मी उणे गुणांत धरला होता. का धरला? सगळे हसत होते म्हणून, दुसरं काय. अधिक गुणांत धरला की घामट सगळ्यांच्या पुढे जातो.

खुलाशात मी काकांच्या आधीच्या सत्तेचाळीस खेपांच्या वेळा लिहिल्या. ह्या खोलीतला वाद ह्यापुढे मी मिटवणार नाही, गरज पडली तर उकरून काढीन, असं लिहिलं. हात उचलला जाऊ नये म्हणून जवळ उभी राहीन, तेवढी जबाबदारी माझी. शेवटी लिहिलं की घामटाबद्दलचं मत वैयक्तिक असून कायम आहे. सिस्टरनी वाचून कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढच्या खेपेला काका सातच्याही आधी हजर. मागून काकू, हातात जड पिशवी. "काल दुकान उघडायला लावलं मला," त्या कुजबुजल्या. "सांगत होते, त्या पोरीचं थोबाड बंद करतो."

सुया बसल्या. भिंतीकडे तोंड करून झालं. मग काकांनी मोकळ्या हातानं पिशवीतून पितळी कुलूप काढून चादरीवर ठेवलं, शेजारी दोन तारा. "पाच खटके. उघड. तुझ्या घामटासारखी. घाम गाळ, रड, काय वाटेल ते कर."

दर अर्ध्या तासाला तिघांचे रक्तदाब घ्यायचे, यंत्रांवरचे आकडे लिहायचे, हात धुवायचे आणि मधल्या वेळात कुलूप घेऊन बसायचं, असं चाललं. टीव्हीकडे कोणी बघत नव्हतं.

"अशी पकडतात तार? भाजी चिरतेस का?"

"हळू हो भाऊ, सासरे झालात का तिचे?" मावशी म्हणाल्या.

"मी तिकिटं लावतो," कंडक्टर म्हणाले. "कुलूप उघडलं तर सगळ्यांना फुकट प्रवास."

सव्वादहाला सिस्टर आल्या. मी उठले नाही. माझं कपाळ भिजलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आता हे काय नवीन?" त्यांनी विचारलं.

"शूऽ!" काकांनी त्यांना गप्प केलं. "तिसरा खटका बसलाय तिचा. दम धरावा लागतो ह्याला."

सिस्टर तिथंच उभ्या राहिल्या. तेवढ्यात तार सटकली आणि तिन्ही खटके एकदम खाली आले.

काका खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. धाप कमी होती. "हरलीस म्हण. सोडतो."

"नाही म्हणणार."

"नाही उघडायचं ते तुला."

"अकरा वाजू देत," मी म्हणाले, आणि तार पुन्हा आत घातली.