अण्णांच्या खात्यातलं सामान

आमच्या ऑफिसात पुलांचे आराखडे होतात, आणि त्यांची सगळी आकडेमोड एकाच सामायिक सर्व्हरवर चालते. त्याची देखभाल माझ्याकडे. कोणी किती जागा अडवली याची यादी मी दर सोमवारी फलकावर लावतो. वर्षभर पहिला नंबर अण्णांचा. अण्णा निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तरी त्यांचं खातं दर महिन्याला फुगत होतं आणि बाकीच्यांची रोडावत होती. मला वाटलं, यादीचा धाक बसला.

गुरुवारी दुपारी तीनला डिस्क भरली. वाऱ्यात नवा पूल किती हलेल, हे आमच्या आराखडे करणाऱ्या ताईंचं गणित अकरा दिवस चाललं होतं. पाचला उत्तर येणार, उद्या ते सादर करायचं. उत्तर लिहायला पन्नास जीबी हवे होते. शिल्लक चार.

"काहीतरी करा हो," ताई म्हणाल्या. "मला रडायचंय, पण वेळ नाही."

मी अण्णांना फोन लावला. "तुमचं खातं पुसू का?"

"खुशाल पुसा. दोनच फाइली आहेत. एक रजेचा अर्ज, आणि दुसरा तोच, साहेबांनी परत पाठवलेला."

मी सगळ्यांना कळवलं, चार वाजता अण्णांचं खातं साफ होणार. दोन मिनिटांत टेबलाभोवती ही गर्दी!

"थांबा, माझे नकाशे आहेत त्यात!"

"माझ्या बाळाचे फोटो!"

यादीत नाव नको म्हणून सगळ्यांनी सामान अण्णांकडे नेऊन टाकलं होतं. अण्णांचा पासवर्ड म्हणजे त्यांची जन्मतारीख, आणि ती मी सोडून सगळ्यांना पाठ.

शेवटी ताई हळूच म्हणाल्या, "वाऱ्याची मोजमापंही तिथेच आहेत. गणित तिथूनच वाचतंय."

"अहो, मघाशी नाही का सांगायचं?"

"मघाशी लाज वाटली."

मग मी एकेका फोल्डरचं नाव वाचून मालक विचारला. जवळजवळ सगळ्यांना मालक निघाले. उरला एक, 'जुने अहवाल, उघडू नयेत', बासष्ट जीबी. उघडला, तर नव्वद मारामारीचे सिनेमे.

"हे कोणाचं?"

एकेकानं नकारार्थी मान हलवली. साहेब छताचं निरीक्षण करत होते.

"म्हणजे बेवारस. पुसतो."

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले.

पाच वाजून सात मिनिटांनी उत्तर आलं. पूल हलतो, पण पडत नाही. ताईंनी सवड काढून रडून घेतलं.

शुक्रवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "पुसलेलं परत आणता येतं का हो? म्हणजे, कोणीतरी विचारत होतं."

"येतं ना. ज्याचं असेल त्यानं अर्ज द्यायचा, सहीनिशी."

सोमवारी टेबलावर अर्ज होता. अक्षर साहेबांचं. सही अण्णांची.